कॅम्पर व्हॅनच्या नावाखाली ४,५९,५०० रुपयांची फसवणूक : आजारी माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचावे

अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये जुनी ट्रॅव्हलर गाडी घेऊन तिची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, करून देतो, असे सांगून एका माणसाने आमच्याकडून ४,५९,५०० रुपये घेतले आणि गाडी दिली नाही. टोकन म्हणून २१,००० रुपये यूपीआयने, गाडीच्या किमतीपोटी २,५०,००० रुपये आरटीजीएसने, प्लायवूड, फोम, बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच दिवशी उचलायचे आहे म्हणून १,४०,००० रुपये रोख, आणि शेवटी आरटीओच्या मंजुरीसाठी म्हणून ४८,५०० रुपये, असा हा हिशेब आहे. रोख रकमेची पावती त्याने दिली नाही. सगळे बिल शेवटी एकत्र करू, असे तो म्हणाला. ठरलेली एकूण किंमत ६,८५,००० होती. तक्रारीत त्याचे नाव आहे, प्रकरण चालू आहे, म्हणून येथे लिहीत नाही.

या वयात आणि या तब्येतीत असली हौस कशाला, असे ज्याने त्याने आम्हाला ऐकवले आहे, त्यामुळे हौस का होती ते आधी सांगते. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि मी घरीच पोटाचे डायलिसिस करते. दिवसातून चार वेळा दोन लिटर द्रावणाची पिशवी पोटात सोडायची आणि आधीचे द्रावण बाहेर काढायचे असते. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास जातो, आणि नळी जोडताना खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, साबणाने नीट धुतलेले हात, एवढे सांभाळावेच लागते, कारण जरा चूक झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो. रोजच्या आठ लिटरप्रमाणे दहा दिवसांच्या प्रवासाला ऐंशी किलोची खोकी लागतात. ती रेल्वेत कोण चढवणार आणि लॉजच्या कोणत्या खोलीत स्वच्छ कोपरा मिळणार? स्वतःची चार भिंतींची गाडी असेल तर विजापूर, बदामी, हंपी आणि जमल्यास गोकर्ण एवढा प्रवास होऊ शकतो, हे आम्ही कागदावर मांडून पाहिले होते. तयार कॅम्पर व्हॅन आमच्या आवाक्याबाहेरची होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या पिशव्या गाडीत ठेवणे शक्य नाही, म्हणून हिवाळाच हवा होता. आणि हृदयाची ताकद कमी होत चालली आहे, फिरायचे असेल तर याच हिवाळ्यात फिरा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तो हिवाळा गेला. पैसे कदाचित परत मिळतील, तो हिवाळा मिळणार नाही.

त्या माणसाने आम्हाला गाडीने भुलवले नाही, माझ्या आजाराच्या चौकशीने भुलवले. “काकू, पिशवी लावायचा हुक बसल्यावर खांद्याच्या किती वर पाहिजे?” असे विचारून त्याने मला शेडमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले, टेपने माप घेतले आणि प्लायवूडच्या फळीवर पेन्सिलने खूण केली. नळी जोडतेवेळी हवा अजिबात येऊ नये म्हणून छताच्या झडपेला आतून सरकते झाकण करून देतो, पिशवी कोमट करायला इन्व्हर्टरवर वेगळा पॉइंट देतो, असे तोच आपणहून म्हणाला. माझ्या सख्ख्या नात्यातल्या कोणी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. आता माझे ठाम मत झाले आहे की, गाडीच्या कागदांपेक्षा तुमच्या आजाराबद्दल जास्त बोलणारा विक्रेता दिसला तर तेथून उठून यावे.

आता तो प्रसंग, जो आठवला की अजूनही माझी झोप उडते. आरटीजीएस करण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने व्हॉट्सॲपवर आरसीचे, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचे, फोटो पाठवले. मी अनेक वर्षे एका सूतगिरणीच्या कार्यालयात व्हाउचर तपासण्याचे काम केले आहे. कागद पाहिला की नजर आपोआप कडेला जाते. फोटो खालून कापलेला होता. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीचे नाव ज्या ओळीत असते, नेमकी ती ओळ नव्हती. मी तसे विचारलेही. “कार्डावर लाइट पडून चमकत होते म्हणून तेवढे कापले काकू, ओरिजिनल तुम्हाला गाडीबरोबरच मिळणार आहे,” असे उत्तर आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी २,५०,००० रुपये गेले. ज्या खात्यात गेले ते शेडच्या नावाचे नव्हते, त्याच्या भावाच्या नावाचे होते. जीएसटीच्या कामामुळे आपले खाते महिनाभर थांबले आहे, असे त्याचे म्हणणे होते. माझ्या जागी कोणीही असते तर काय केले असते, हे मी अनेकांना विचारले आहे. तेव्हा मी पोटाच्या संसर्गातून नुकतीच उठले होते, हिमोग्लोबिन सातवर होते, ह्यांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, आणि हा हिवाळा हातचा जाईल या भीतीने आम्ही दोघेही घाईत होतो. ही घाई त्याला माहीत होती, कारण डॉक्टरांनी काय सांगितले आहे हे आम्हीच त्याला सांगितले होते. आपली निकड विकणाऱ्याला कळू देऊ नका, मग ती मुलीच्या लग्नाची असो की दुखण्याची.

पुढचे नेहमीचेच आहे. काम चालू असल्याचे फोटो येत राहिले. आत पलंग, ओटा, पडदे, सगळे दिसत होते, आणि ते सगळे कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचे होते. प्रत्यक्ष पाहायला येतो म्हटले की रंगाचा वास आहे, तुम्हाला सोसायचा नाही, असे सांगून तो आम्हाला थांबवायचा. मग माझ्या भाच्याने गाडीचा नंबर एमपरिवहन या वाहनांची नोंद दाखवणाऱ्या सरकारी ॲपमध्ये टाकला. स्कूल बस म्हणून नोंद, मालकाच्या जागी दुसऱ्या जिल्ह्यातील शिक्षण संस्था, गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचे फिटनेस प्रमाणपत्र संपलेले, कर्जाचा बोजा कायम. नंतर त्या संस्थेत फोन केल्यावर कळले की त्यांनी गाडी विकलेलीच नव्हती, पत्रा आणि रंगाच्या कामासाठी शेडमध्ये सोडली होती. टोकन देण्याआधी गाडीचा नंबर असा टाकून पाहा, त्यासाठी कोणाचे पाय धरावे लागत नाहीत.

त्या ४८,५०० रुपयांबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे, कारण यात अनेक जण अडकू शकतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि ती मागायची गाडीच्या नोंदणीकृत मालकाने. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याचीही संमती लागते. म्हणजे गाडी आमच्या नावावर होण्याआधी आमच्यासाठी मंजुरी काढतो म्हणणारा माणूस सरळ खोटे बोलत होता. नमुना २९ व ३० वर सह्या करून गाडी आधी आपल्या नावावर करावी, बोजा असेल तर नमुना ३५ ने तो उतरवून घ्यावा, गाडी दुसऱ्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीतील असेल तर नमुना २८ चे ना हरकत प्रमाणपत्र मागावे. सुतारकामाला त्यानंतर हात लागावा.

शेडला कुलूप लागले तेव्हा आम्ही पोलिसांकडे गेलो, आणि तेथे जे झाले ते फसवणुकीपेक्षा मला जास्त लागले आहे. पहिल्या ठाण्यात सांगितले की शेड आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात सांगितले की पैसे शहरातल्या बँकेतून गेले आहेत, त्यामुळे तिकडेच जा. तिसऱ्या वेळी एका अंमलदाराने कागद न उघडताच हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, कोर्टात जा, असे म्हटले, आणि पुढे म्हणाला, “मावशी, तब्येत बघा आधी, गाडी कशाला पाहिजे तुम्हाला?” दुपारच्या पिशवीची वेळ टळून गेली होती, पाय सुजले होते, आणि मला लाकडी बाकावर बसवून हा प्रश्न विचारला जात होता. दुसऱ्याची गाडी त्याने आपली म्हणून आम्हाला विकली, त्यात दिवाणी काय आहे? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये अशा फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याने माहिती नोंदवून घेतली पाहिजे. हे दोन्ही कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. ठाण्यात मात्र ते मलाच सांगावे लागले, आणि सांगितल्यावर मी कोर्टाची भाषा बोलते, असे उत्तर मिळाले. परिवहन कार्यालयात गेलो तर गाडी तुमच्या नावावर नाही, मग तक्रार तुमची कशी, असे विचारले गेले. बँकेत सांगितले की पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले आहेत. सगळ्यांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आणि आमचे तेवढे चूक, असा हा कारभार आहे.

शेवटी ठाण्याने तक्रार घेतली नाही म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडे लेखी अर्ज स्पीड पोस्टने पाठवला. ग्रामीण हद्द असेल तर तो पोलीस अधीक्षकांकडे जातो, शहराची असेल तर आयुक्तांकडे. तेथेही दखल घेतली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तोंडी तक्रार करून कोणी परत येऊ नये; अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. यूपीआयने किंवा बँकेतून पैसे गेले असतील आणि फसवणूक लगेच लक्षात आली असेल तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. आमचे लक्षात येईपर्यंत त्या भावाचे खाते रिकामे झाले होते.

जिल्हा ग्राहक आयोगात मी दावा दाखल केला आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि दोन वर्षांची मुदत असते. वकील न लावताही बाजू मांडता येते, आणि मी तशीच मांडणार आहे. रोख दिलेल्या १,४०,००० रुपयांचा पुरावा म्हणून माझ्याकडे बँकेतून पैसे काढल्याची नोंद आणि त्याच संध्याकाळचा “मिळाले काकू, उद्या माल उचलतो” हा त्याचा व्हॉट्सॲप संदेश एवढेच आहे. त्याने संदेश नंतर पुसला, पण भाच्याने त्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवली होती. त्याच शेडमध्ये ज्यांनी पैसे दिले आहेत, त्यांनी आपापला स्वतंत्र अर्ज रकमेसह आणि तारखेसह ठाण्यात द्यावा, लाज वाटत असली तरी द्यावा, कारण एकट्या माझ्या अर्जाला अजूनही दिवाणी वादच म्हटले जात आहे.