उबुंटूचं अपग्रेड टूल: तासगावात बसून मुंबईचा सर्व्हर

आमच्या बेदाण्याच्या अडतीचं बिलिंग मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर, उबुंटू १८.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचं. त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्येच संपलेला. शेवटी रविवारी रात्री स्नॅपशॉट (सर्व्हरची जशीच्या तशी प्रत) काढून 'डू-रिलीज-अपग्रेड' हे उबुंटूचं अपग्रेड टूल चालवलं. थेट २२.०४ वर उडी नाही, आधी २०.०४, मग २२.०४. एसएसएचवरून (दुरून सर्व्हर चालवायची सुरक्षित वाट) आलोय हे ओळखून त्यानं १०२२ पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या वेगळ्या दारावर, दुसरी वाट उघडून ठेवली, हे फार आवडलं. फायरवॉलमध्ये तो पोर्ट मात्र आपणच उघडायचा. रीबूटनंतर पिंगला ('आहेस का?' या हाकेला) उत्तर येईना, तेव्हा चार मिनिटं घशाला कोरड. मग बिलिंगच बंद! बिलिंग ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी ७.२ ची ८.१ झालेली, जुना कोड रुसला. आधी न तपासल्याची चूक माझीच. पहाटे तीनला पहिली पावती निघाली. सकाळी तात्या म्हणाले, "काय बदललंस रे? तसंच तर दिसतंय!"