गब्बानी आधी ऐकावा की रीनो गाएतानो?

इटालियन येत नाही, पण ठेका धरायला लावून टोमणा मारणारी गाणी ऐकायची आहेत, तर सुरुवात कुणापासून करायची? माझ्या मते निवड दोघांतच आहे.

फ्रान्चेस्को गब्बानी सोपा. संगमरवराच्या कर्रारा गावचा, जन्म १९८२. सानरेमो या इटलीतल्या गाण्यांच्या स्पर्धा-महोत्सवात २०१६ ला नवोदितांमध्ये पहिला आला आणि पुढच्याच वर्षी मुख्य स्पर्धाही जिंकला, 'ओच्चिदेन्तालीज कर्मा' या गाण्यावर. हे गाणं आपल्याला भाषेशिवायही थोडंफार उमगतं, कारण नमस्ते, निर्वाण, मंत्र, बुद्ध सगळेच त्यात हजर आहेत. अध्यात्माची फॅशन करून सेल्फीत रमलेल्या पाश्चात्त्यांची ही टर. स्टेजवर त्याच्या शेजारी गोरिलाच्या वेशातला नर्तक नाचतो. प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिसने आपल्या पुस्तकात माणसाला 'नग्न वानर' म्हटलं, त्याचा हा अवतार. त्याच वर्षी कीव्हला झालेल्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत गाणं सहावं आलं. चाल डोक्यातून जात नाही, हे मान्य. पण ज्यांची टर उडवली तेच हात वर करून नाचतात, बोचत कुणालाच नाही. आणि आपला बुद्ध इथेही शोभेपुरताच, हे मला जरा खटकतं.

रीनो गाएतानोचं तसं नाही. दक्षिणेतल्या क्रोतोनेचा, जन्म १९५०, वाढला रोममध्ये. १९८१ साली मोटार अपघातात गेला, तेव्हा जेमतेम तीस वर्षांचा होता. १९७५ चं त्याचं 'मा इल चेलो ए सेम्प्रे प्यू ब्लू' म्हणजे नुसती यादी: कुणी झोपडीत राहतो, कुणी पगारासाठी घाम गाळतो, कुणी पेन्शन लाटतो. आणि धृपदात काय, तर आकाश आणखी आणखी निळं होतंय! इतक्या आनंदी चालीवर हे ऐकताना हसावं की चिडावं, कळत नाही. १९७८ च्या 'नुन्तेरेगे प्यू'मध्ये तर उद्योगपती आन्येल्ली, फुटबॉलपटू, टीव्हीवरचे सूत्रधार सगळे नावानिशी एकाच माळेत ओवलेत. इथे मात्र तेव्हाची इटली थोडी माहीत हवी, नाहीतर अर्धी गंमत जाते. आवाजही खरखरीत, पहिल्याच फटक्यात आवडेल असं नाही.

गाडीत लावायला, मुलांसोबत नाचायला गब्बानी घ्या. शब्दांचं भाषांतर समोर ठेवून ऐकायची तयारी असेल, तर सरळ गाएतानोच, तोही १९७५ पासून. सानरेमोत तिसरं आलेलं त्याचं 'जान्ना' जास्त गाजलं खरं, पण ते मागाहून ऐकलंत तरी चालेल.