एकच तबकडी घ्यायची तर: क्युअर, पल्प की स्लोडाइव्ह?

नव्वदीत ज्यांच्या कॅसेटी आपण एकमेकांकडून भरून घेतल्या, ते बँड आता पन्नाशी-साठीत पोचलेत आणि मोठ्या खंडानंतर एकेक करून नवे अल्बम काढताहेत. नुसतं ऐकायचं तर खर्च फारसा नाही, सगळं फोनवर आहे. पंचाईत होते ती विनाइल, म्हणजे तबकडी, घ्यायची म्हटल्यावर. नागपुरात बहुतेकांना ती ऑनलाइनच मागवावी लागते, परदेशी छापाची असली की तीन-चार हजारांच्या घरात जाते, आणि एकदा सील फोडलं की ती तुमचीच. म्हणून हा आढावा, ज्यांना एकच घ्यायची आहे त्यांच्यासाठी.

माझ्या मते स्पर्धेत तिघंच आहेत: द क्युअर, पल्प आणि स्लोडाइव्ह, तिन्ही ब्रिटिश रॉक बँड. ब्लर या चौथ्या ब्रिटिश बँडचा जाता जाता उल्लेख करेन. अमेरिकेच्या पर्ल जॅमचा २०२४चा 'डार्क मॅटर' यात धरलेला नाही. अल्बम दणदणीत आहे, पण परत आले म्हणायला ते गेले कुठे होते? त्याआधीचा २०२० मध्ये आलाच होता.

गैरहजेरीत पल्प सगळ्यांच्या पुढे. 'मोअर' जून २०२५ मध्ये आला, 'वी लव्ह लाइफ'नंतर तब्बल २४ वर्षांनी. क्युअरचा 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' १ नोव्हेंबर २०२४चा, मधे १६ वर्षं. स्लोडाइव्ह १९९५ नंतर थेट २०१७ मध्ये परतले. इथे ज्याबद्दल बोलतोय तो 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' हा परतल्यानंतरचा दुसरा अल्बम, सप्टेंबर २०२३चा. हे आकडे जाहिरातीत शोभून दिसतात. आपल्याला बघायचं ते एवढंच की मधल्या काळात या माणसांवर जे गुजरलं, ते गाण्यात उतरलंय का. आणि गुजरलंय तिघांवरही. क्युअरचा गायक रॉबर्ट स्मिथ याचा भाऊ गेला. पल्पचा बास गिटारवाला स्टीव्ह मॅकी मार्च २०२३ मध्ये गेला. स्लोडाइव्हची गायिका रेचल गॉस्वेलची आई आणि ड्रमर सायमन स्कॉटचे वडील २०२० मध्ये गेले. पण तिघांची मांडणी इतकी वेगळी आहे की एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच असं नाही.

क्युअरपासून सुरू करतो, कारण तिथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. आठच गाणी, ४९ मिनिटं. पहिलं 'अलोन' जवळजवळ सात मिनिटांचं आणि त्यात स्मिथचा आवाज येतो तो तीन मिनिटं उलटून गेल्यावर. तोवर ड्रम संथ, जड पडत राहतात, कीबोर्डचे थर चढत जातात आणि खालून बास सरकत असतो. धरमपेठेतल्या एका मित्राला हे लावून दिलं तर दुसऱ्याच मिनिटाला त्याने विचारलं, "भाऊ, हा गाते कधी?" शेवटचं 'एंडसाँग' तर दहा मिनिटांच्या वर आहे, आणि त्यात अर्ध्याहून जास्त गाणं वाजून झाल्यावर शब्द सुरू होतात. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा स्मिथ दहा वर्षांचा होता; पन्नास वर्षांनी तोच चंद्र बघताना आपलं एवढं वय झालं कसं, असा त्याचा सवाल आहे. भावावरचं 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' पियानोवर उभं आहे. त्यात आडपडदा नाही, अलंकार नाही. गेला, आणि निरोप देता येत नाही, एवढंच.

या अल्बमचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. यातली बरीच गाणी बँडने २०२२च्या दौऱ्यात मंचावर वाजवून घेतली होती. त्यामुळे ती स्टुडिओत जुळवल्यासारखी वाटत नाहीत; कुठे थांबायचं, कुठे रेटायचं हे वाजवणाऱ्यांच्या अंगवळणी पडलंय. खोट काढायचीच तर मधल्या 'ड्रोन:नोड्रोन'मध्ये. ते नुसतं आदळआपट करतं आणि आधी जमलेला सूर मोडतं. ब्रिटनमध्ये हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, १९९२च्या 'विश'नंतर पहिल्यांदाच. पण 'विश'मधलं 'फ्रायडे आयम इन लव्ह' तेवढं ठाऊक आहे आणि तसंच काहीतरी हवंय, अशा माणसाने इकडे फिरकू नये. तसं एकही गाणं यात नाही.

पल्पचं प्रकरण उलटं. गायक जार्व्हिस कॉकर पहिल्या ओळीपासून बोलायला लागतो आणि शेवटपर्यंत बोलत राहतो. एकसष्टीत आलेला हा माणूस, आणि त्याला अजून प्रश्न पडतो की आपण मोठे कधी झालो. तीन आठवड्यांत रेकॉर्ड केलेला अल्बम आहे, निर्माता जेम्स फोर्ड, अकरा गाणी. 'स्पाइक आयलंड' हे पहिलं गाणं १९९०च्या स्टोन रोझेस या बँडच्या गाजलेल्या मैफलीच्या जागेवरून नाव घेतं आणि मंचावर परत उभं राहण्याच्या हौसेची थट्टाही करतं. सगळंच ताजं आहे असं नाही. 'गॉट टू हॅव लव्ह'चं मूळ शतक बदललं त्या सुमाराचं, तर 'द हिम ऑफ द नॉर्थ' आधी एका नाटकासाठी लिहिलेलं. मला त्याचं वावगं वाटत नाही. कपाटातलं काढून नीट इस्त्री केलंय. अल्बम मॅकीला अर्पण आहे, पण रडगाणं कुठेच नाही.

यातलं माझं सगळ्यात आवडतं 'बॅकग्राउंड नॉइज'. कॉकर म्हणतो, प्रेम हळूहळू घरातल्या फ्रिजच्या घरघरीसारखं होऊन जातं; बंद पडल्यावरच कळतं की ते चालू होतं. नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. मे महिन्याच्या दुपारी लाइन जाते, कूलर घरघरत थांबतो, आणि अख्खी खोली एकदम ऐकू यायला लागते. मी ते गाणं असंच समजून घेतो.

अडचण एकच: पल्प ऐकायचा तर शब्द कळायला हवेत. कॉकरचा शेफिल्डचा हेल पहिल्या ऐकण्यात निसटतो. शब्द समोर ठेवून दोनदा ऐका, मग मजा येते. ज्यांना गाण्याच्या बोलांशी काही देणंघेणं नसतं, नुसता आवाज हवा असतो, त्यांना पल्प अर्धाच मिळतो.

असा नुसता आवाज हवा असणाऱ्यांसाठी स्लोडाइव्ह. १९९५ मध्ये रेकॉर्ड कंपनीने यांना नारळ दिला होता, आणि त्याआधी ब्रिटिश संगीत नियतकालिकांनी यथेच्छ टिंगल केली होती. आज त्यांना ऐकणाऱ्यांत बँड मोडला तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरं भरपूर आहेत. आठ गाणी, चाळीस-एकेचाळीस मिनिटं. गायक-गिटारवाला नील हॉलस्टेडने सुरुवात सिंथेसायझरवरच्या तुकड्यांनी केली आणि मग बँडने त्यावर गिटारी चढवल्या, ते जागोजागी जाणवतं. 'किसेस' चटकन ओठांवर बसतं. 'प्रेयर रिमेंबर्ड'मध्ये शब्दच नाहीत. दुःख आहे, पण ते कोणाचं, कशाचं, हे कोणी सांगत बसत नाही.

आता कूलरची गोष्ट, कारण इथल्या माणसाला ती टाळता येत नाही. मार्चअखेरपासून जूनपर्यंत आपल्या खोलीत पंखा, पंप आणि वाळ्यावरून झिरपणारं पाणी यांचा एक कायमचा आवाज असतो. त्यात क्युअरचा बास तरतो, पण पियानोचे हळवे सूर वाहून जातात. पल्पचे शब्द अर्धे बुडतात. स्लोडाइव्हचं मात्र काही बिघडत नाही: गायकांचे आवाज तसेही गिटारींच्या आतच लपलेले असतात, कूलर त्यांच्यात सामील होतो. आवाज थोडा वाढवा, पडदे ओढा, दुपार निघून जाते. ही थट्टा नाही. उन्हाळ्यात ऐकायला घेत असाल तर मी डोळे झाकून स्लोडाइव्ह सांगेन. क्युअर डिसेंबर-जानेवारीसाठी राखा, रात्री खिडक्या बंद आणि घर शांत असतं तेव्हा.

ब्लरचा 'द बॅलड ऑफ डॅरन' जुलै २०२३चा, आधीच्या अल्बमनंतर आठ वर्षांनी आलेला, निर्माता पुन्हा जेम्स फोर्डच. दहा गाणी, ३६ मिनिटं. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे मेट्रोत बसलात तर बहुतेक सगळा ऐकून होतो. 'द नार्सिसिस्ट' मस्तच आहे. मुखपृष्ठावर मार्टिन पारने काढलेला फोटो आहे, स्कॉटलंडमधल्या गुरॉकच्या उघड्यावरच्या जलतरण तलावात एकटाच पोहणारा माणूस, वर भरून आलेलं आभाळ. तो मोठ्या आकारात बघायला तबकडी घ्यावी असं वाटून जातं. पण अल्बम फोनवरही तितकाच चांगला लागतो, म्हणून पैसे टाकू नका.

माझा कौल क्युअरला. पल्पचा अल्बम मला माणूस म्हणून जास्त जवळचा वाटतो आणि ऐकतोही मी तोच जास्त, पण तो चालता-फिरता, अंबाझरीला चक्कर मारताना ऐकायचा आहे. त्यासाठी सुई ठेवायची गरज नाही. क्युअरला बैठक लागते, आणि तबकडी माणसाला बसवते. घरात कॉलेजात जाणारं कोणी असेल आणि दोघांत मिळून एकच घ्यायची असेल, तर स्लोडाइव्ह; त्यावर भांडण होणार नाही.

मागवण्याआधी एवढं करा. रात्री सगळे झोपल्यावर इअरफोन लावून 'अलोन' सुरू करा आणि फोन लांब ठेवा. स्मिथ गायला लागायच्या आत उठून फोन घ्यावासा वाटला, तर पैसे पल्पवर टाका.