‘मिथ अँड रिअॅलिटी’: कोसंबी गोव्यात वाचताना

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींचं हे पुस्तक १९६२ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलं. आत पाच निबंध आहेत. गोमंतकीय वाचकाने ते पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. आधी पाचवा, मग तिसरा आणि चौथा. गीतेवरचा पहिला आणि उर्वशी-पुरूरव्यावरचा दुसरा निबंध शेवटी ठेवावा. लेखकाची चाल ओळखीची होण्याआधी ते दोन्ही नुसते फटकळ वाटतात.

पाचवा निबंध आपल्या जुन्या काबिजादींवर, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या महालांवर आहे: तिसवाडी, बारदेश, सासष्टी. इतिहास विरुद्ध स्कंदपुराण अशी झुंज त्यांनी शीर्षकातच लावून दिली आहे. परशुरामाने बाण मारला, समुद्र हटला, गावं वसली, ही स्कंदपुराणाच्या सह्याद्रिखंडातली कथा. कोसंबी मात्र विचारतात जमिनीला. त्यांचं म्हणणं समजायला खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेताच्या बांधावर जाऊन मानस, म्हणजे पाण्याचं दार बघावं. भरतीचं पाणी नदीकडून दाबतं तेव्हा तिची लाकडी झडप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. मासळीच्या लोभाने कुणी ती भरतीत उघडी ठेवली, किंवा खेकड्यांनी पोखरलेल्या बांधाला भगदाड पडलं, तर खारं पाणी एकाच्या वाफ्यावर थांबत नाही. सगळा शेतमळा खारवतो आणि मीठ धुऊन निघायला पावसाळे जातात. एकट्या घराला ही राखण झेपणारी नाही. जमीन गावाची, कसणं लिलावाने आणि उरलेल्या उत्पन्नात गावकारांचा, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचा वाटा, ही रीत अशा जागी आपोआप उलगडते. सोबत पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाचा १५२६ चा फोराल, म्हणजे गावच्या रीतींची सनदही नजरेखालून घालावी. गावकरी, म्हणजे ही सामायिक गावव्यवस्था, पोर्तुगिजांची देणगी नव्हे, त्यांनी आधीची रीत कागदावर उतरवली, एवढं तरी स्पष्ट होतं.

तिसऱ्या निबंधाची सुरुवात झकास आहे. ‘मृच्छकटिका’त चारुदत्त विदूषकाला चव्हाट्यावर जाऊन मातृदेवतांना बळी ठेवायला सांगतो. चव्हाटाच का? कोसंबी पुण्याच्या आसपासचे शेंदूर फासलेले तांदळे, म्हणजे देव मानलेले अनघड दगड, हिंडून पाहतात आणि म्हणतात, या देवता बसल्या त्या डांबरी नव्हे, अश्मयुगीन वाटांच्या तिठ्यांवर. चौथ्या निबंधात त्याच वाटांवर सापडलेली गारगोटीची बारीक हत्यारं, धनगरांचे पाऊसपाण्याप्रमाणे सरकणारे मार्ग आणि पालखीच्या वाटा एकावर एक ठेवून बघितल्या आहेत. आज जिवंत असलेल्या रूढीवरून मागच्या काळाचा माग काढायचा, हीच त्यांची खरी देणगी. खणण्याआधी चालायचं, आणि चालताना विचारायचं.

चालण्याइतकाच त्यांचा मोजण्यावर भर. हा मनुष्य मुळात गणिती. गोव्यात १९०७ साली जन्म, शिक्षण हार्वर्डला, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. आनुवंशिकीवाले त्यांना १९४४ च्या एका सूत्रासाठी ओळखतात आणि हाच तो इतिहासकार, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. नाणं हातोहाती झिजतं, वजन ठरावीक गतीने घटतं. म्हणून हजारो आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी, तराजूत घालून त्यांनी ढिगांचा कालक्रम लावला. ते काम या पुस्तकात नाही, पण सवय तीच.

आता अडचणी. पुण्याकडची पद्धत गोव्यात जशीच्या तशी उचलली तर फसगत ठरलेली. तिकडे उघडं पठार आणि बेताचा पाऊस. इकडे चिऱ्याची जमीन, सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि वर काजूची लागवड. जमिनीवर हत्यार दिसलं नाही म्हणून माणूस नव्हता, असं इथे म्हणता येत नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी. कोसंबी देवतेच्या जागेवरून वाट ओळखतात. फोंड्यातले देव तर सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकाने परागंदा होऊन आलेले. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. मंगेशी किंवा म्हार्दोळच्या देवळाची जागा धरून प्राचीन वाट काढली तर उत्तर सोळाव्या शतकापलीकडे जाणारच नाही. सातेरी देवीची रोंयण, म्हणजे वारूळ, मात्र उचलून नेता येत नाही. तिथे ही पद्धत लागू पडायला वाव आहे. सासष्टीत तिठ्यावर आणि बांधावर खुरीस (क्रूस) दिसतो, तिथेही कोसंबींचा प्रश्न विचारून बघावा: इथेच का?

पुस्तक इंग्रजीत आहे, वाक्यं घट्ट आहेत, विरोधकाला चिमटे फार. सोबत पोर्तुगीज आणि कोंकणी शब्दांची स्वतःची यादी करावी लागते. विकत घेताना आवृत्ती हातात घेऊन छायाचित्रांची आणि नकाशांची पानं आधी उलटून बघावीत; ती धुरकट असतील तर तिसरा आणि चौथा निबंध निम्मेच समजतात.

बाहेर पडताना पन्नास हजारांत एक प्रमाणाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा आणि वही घ्यावी. प्रत्येक स्थानापाशी पाच गोष्टी लिहाव्यात: देवतेचं बोलीतलं नाव, पूजा कोण करतं, पहिला मान कुणाचा, वार कोणता, नैवेद्य शाकाहारी की रक्ताचा. सहावी गोष्ट म्हणजे तिथे मिळणाऱ्या पायवाटा. ती पुजाऱ्याला विचारून कळत नाही, गुरं राखणाऱ्याला ठाऊक असते.