समन्स आलंय: नुसती कैफियत, की सोबत प्रतिदावाही?
दिवाणी दाव्याचं समन्स बजावलं गेलं की कैफियतीला, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराला, ३० दिवस. कारण पटलं तर कोर्ट ९० पर्यंत मुदत देतं. दाव्याचं एकेक कलम (परिच्छेद) घेऊन ‘मजकूर खरा नाही, प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ असं लिहायचं. मोघम नकार कबुलीत धरला जाऊ शकतो, आणि बरेच जण इथेच फसतात.

पण कैफियतीने तुमच्या पदरात काही पडत नाही. बांधावरून शेजाऱ्याने दावा लावलाय आणि तुमचेच दोन गुंठे त्याच्या नांगराखाली आहेत? मग प्रतिदावा, म्हणजे त्याच खटल्यात तुम्ही त्याच्यावर उलट लावलेला दावा, हवाच. कोर्ट फी वेगळी (नुसत्या धमकीसाठी भरू नका), पण वादीने दावा काढून घेतला तरी प्रतिदावा चालू राहतो.