जगभरची हवा एका स्क्रीनवर : नऊ महिने वापरल्यानंतर

ऑक्टोबरात हे हवामान ॲप घेतलं तेव्हा कारण साधं होतं. धाकटी बहीण मेलबर्नला, ऑफिसातली निम्मी मंडळी लंडन आणि सिंगापूरमध्ये. रोज कुणीतरी 'काय उकडतंय आज' म्हणणार, दुसरं कुणी गारठ्याला कंटाळलेलं. दोन-तीन शहरं शेजारीशेजारी लावून बघता यावीत एवढीच अपेक्षा होती. मग हाव सुटली आणि महिन्याभरात यादी चौदावर गेली. आज जूनमध्ये सहा उरलीत. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या या जातीच्या बहुतेक ॲपना लागू पडतील.

आधी जे आवडलं ते. दोन शहरांचे आलेख एकावर एक टाकता येतात आणि नऊ महिने त्यासाठीच मी हे रोज उघडलं. आइसलंडचं रेक्याविक आणि रशियातलं याकुत्स्क ही माझी लाडकी जोडी. एक ६४ अंश उत्तरेला, दुसरं ६२, म्हणजे सूर्य दोघांच्या वाट्याला जवळपास सारखाच. पण जानेवारीत रेक्याविक शून्याच्या आसपास घुटमळत होतं आणि याकुत्स्क उणे चाळिशीत. दोन्ही एका चौकटीत मावावीत म्हणून ॲपने उभा अक्ष एवढा ताणला, की रेक्याविकची रेघ टेबलासारखी सपाट दिसायला लागली. एकाच्या शेजारी अटलांटिकच्या उबदार प्रवाहाने तापवलेला समुद्र, दुसरं सैबेरियात, समुद्रापासून दूर, खंडाच्या पोटात. तिथे थंड, जड हवा महिनोन्महिने खोऱ्यात बसून राहते. मेमध्ये दोन्ही रेघा एकमेकींना छेदून गेल्या. आता याकुत्स्क दुपारी पंचविशी ओलांडतंय आणि रेक्याविक बाराच्या पुढे सरकायला तयार नाही. शाळेत 'सागरी' आणि 'खंडांतर्गत हवामान' पाठ केलं होतं, पण ते डोळ्यांसमोर घडताना पहिल्यांदाच बघितलं.

आर्द्रतेच्या रकान्याने मात्र मला दोन महिने फसवलं. रेक्याविक ८० टक्के, सिंगापूर ७० टक्के. म्हणजे रेक्याविक जास्त दमट? मी तसं एका कॉलवर बोलूनही गेले आणि सिंगापूरचा सहकारी नुसता हसला. टक्केवारी सापेक्ष असते, हवेत त्या तापमानाला जेवढी वाफ मावू शकते त्यातली किती आहे एवढंच ती सांगते. आणि ५ अंशांच्या हवेत वाफ मावते ती किती? ८० टक्क्यांनाही घनमीटरला जेमतेम साडेपाच ग्रॅम. ३१ अंश आणि ७० टक्क्यांना तीच २२ ग्रॅमच्या घरात जाते, चौपट. हा घोळ टाळायचा तर दवबिंदू बघावा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव धरायला लागतं तो आकडा; वाफ जितकी जास्त तितका तो वर. तो रेक्याविकला २ आणि सिंगापूरला २५ दिसतो आणि विषय मिटतो. ॲपमध्ये तो आहे, पण सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत दडवलेला. मी तो पहिल्या रकान्यात आणला आणि टक्केवारी काढूनच टाकली. अमेरिकेतल्या वाळवंटी फीनिक्सचे ४२ अंश आणि सिंगापूरचे ३१ यांतलं कुठलं अंगावर येईल, हे तापमानावरून नाही, दवबिंदूवरूनच कळतं.

'जाणवणारं तापमान' या आकड्यावर माझा फारसा भरवसा उरलेला नाही. त्याचं अमेरिकी गणित दोन तुकड्यांत आहे : १० अंशांच्या खाली वारा धरतात, साधारण २७च्या वर दमटपणा. मधल्या पट्ट्यात मूळ आकडाच पुन्हा छापला जातो, म्हणून लंडनला मेचे कित्येक दिवस दोन्ही रकाने जुळ्यासारखे सारखे. उन्हाळ्याचा आकडा तर सावलीत उभ्या माणसासाठी असतो. हे ॲपमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी बोलिव्हियातल्या ला पाझवर घालवला. तिथे कुणी ओळखीचं नाही, पण समुद्रसपाटीपासून ३६०० मीटरवरचं शहर यादीत हवं असं वाटलं. काही दिवसांनी लक्षात आलं की ॲपचं 'सध्याचं तापमान' विमानतळाचं आहे, आणि विमानतळ आहे एल आल्तोला, वरच्या पठारावर, ४०६० मीटरला. शहराचा दक्षिण भाग उतरत उतरत ३२०० मीटरपर्यंत जातो. किलोमीटरभर वर गेलं की साधारण साडेसहा अंश कमी, या हिशेबाने वर-खाली पाच-सहा अंशांचा फरक पडतो आणि ॲप मात्र सगळ्या शहराला एकच आकडा चिकटवतं. अंदाजातही हाच प्रकार : युरोपीय हवामान केंद्राचं संगणकी मॉडेल जगाचे चौकोन पाडून अंदाज काढतं आणि त्याचा एक चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, त्यात अख्खी दरी सपाट होऊन जाते.

हवेच्या दाबाची त्याहून गंमत. ला पाझचा दाब स्क्रीनवर हजार हेक्टोपास्कलच्या (दाब मोजायचं एकक) वर, जणू शहर समुद्रकिनाऱ्यावर आहे. खरा दाब तिथे ६५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि पाणी ८८ अंशांनाच उकळतं. नकाशावर तुलना करता यावी म्हणून सगळीकडचे दाब समुद्रसपाटीला आणून दाखवतात. पद्धत योग्यच आहे, पण वाचणाऱ्याला ती सांगायला नको? नोंद घेणाऱ्या हवामान केंद्राचं नाव, त्याची उंची आणि नोंदीची वेळ, या तीन गोष्टी आकड्याखाली बारीक अक्षरात द्या, असं मी कंपनीला कळवलं.

नोंदीची वेळ का हवी, ते जानेवारीत समजलं. बहिणीशी व्हिडिओ कॉल चालू होता, तिच्याकडे दुपार. ॲप म्हणत होतं ३८ अंश, पुढचे दोन तास हळूहळू उतार. ती खिडकीकडे गेली आणि परत आली ती स्वेटर चढवत. "ताई, तुझ्या ॲपला म्हणावं जरा बाहेर येऊन बघ." मेलबर्नला हे नेहमीचंच : वाळवंटाकडून येणारा उत्तरेचा तापलेला वारा एका फटक्यात थांबतो, दक्षिणेच्या समुद्रावरून थंड आघाडी, म्हणजे गार हवेच्या लोंढ्याची पुढची कड, शिरते आणि अर्ध्या तासात पंधरा अंश गायब होतात. ॲपकडची नोंद पन्नास मिनिटं जुनी होती, आणि तासातासाच्या ठिपक्यांमधून त्याने गुळगुळीत वक्र काढला होता. वक्र दिसायला सुंदर. तापमान कोसळल्याचा कडा मात्र त्यातून पुसला गेला होता.

पावसाबद्दल थोडक्यात. चिन्हांवर जाऊ नका. लंडनच्या पट्टीत सारखे ढग आणि थेंब, सिडनीच्या पट्टीत सूर्य; पण वर्षाचा पाऊस लंडनला साधारण ६०० मिलिमीटर आणि सिडनीला त्याच्या जवळपास दुप्पट. दिवसभराच्या भुरभुरीलाही थेंब आणि तासाभरात झोडपून गेलेल्या सरीलाही थेंबच. मिलिमीटरचा आकडा चालू करून घ्या.

बाकी किरकोळ : सूचना माझ्या घड्याळाने येतात, त्या त्या शहराच्या नाही, त्यामुळे 'आजचं कमाल' मेलबर्नला संध्याकाळ झाल्यावर कळतं. 'सरासरीपेक्षा जास्त' असं ॲप मोठ्या रंगात सांगतं. ती सरासरी १९९१ ते २०२० या ३० वर्षांची आहे की आणखी कुठली, याचा पत्ता नाही. विजेट बॅटरी खातं, मी काढून टाकलं.

वर्गणी चालू ठेवणार आहे, आलेखांसाठी. माझ्या यादीत 'ला पाझ'चं नाव बदलून मी 'एल आल्तो, विमानतळ' करून ठेवलंय. कंपनीला पाठवलेल्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.