जिना शिकवण्याच्या कार्यशाळेचं बनावट बुकिंग आणि माझे गेलेले पैसे

हाताचं काम शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितो आहे. सुतारकाम असो, कुंभारकाम असो, शिवण असो की वाद्यदुरुस्ती. शिकवणारा एकटा, जागा मोजक्या आणि फी आगाऊ, असं जिथे जिथे असतं तिथे ही फसवणूक होऊ शकते. माझ्या बाबतीत ती जिन्याच्या कार्यशाळेवरून झाली.

मी लाकडी जिने करतो. हे काम नव्या मुलांना शिकवावं असं खूप वर्षं मनात होतं, कारण जिना पुस्तकातून अर्धाच कळतो. गणित अवघड नाही. खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत २७०० मिमी उंची असेल आणि १५ रायझर, म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर चढायचे उभे टप्पे, धरले, तर एकेक रायझर १८० मिमीचा. पाऊल ठेवायला २६० मिमी घेतले, की दोन रायझर आणि एक ट्रेड, म्हणजे पाऊल ठेवायची आडवी फळी, मिळून ६२० होतात. ही बेरीज ६०० ते ६४०च्या आसपास ठेवायची, म्हणजे चढताना पावलाला ओढ बसत नाही. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लोंडेलने माणसाच्या चालीवरून जे सूत्र मांडलं, त्याचंच हे आजचं रूप.

कागदावर एवढं जमलं तरी खरा घात लाकडावर होतो. खाचा कापलेल्या स्ट्रिंगरवर, म्हणजे पायऱ्या पेलणाऱ्या बाजूच्या तिरक्या फळीवर, ३० मिमी जाडीच्या फळ्या बसवायच्या असतील, तर स्ट्रिंगर खालून तेवढाच, म्हणजे ३० मिमी, कापून टाकावा लागतो. तो कापला नाही तर पहिली पायरी २१० मिमीची होते आणि सगळ्यात वरची १५० मिमीची. मधल्या सगळ्या बरोबर, आणि माणूस पडतो तो पहिल्या नाहीतर शेवटच्या पायरीवर. पाय आधीच्या पायरीच्या हिशेबानेच उचलला जातो. हे फळ्यावर लिहून दाखवलं तर सगळे माना डोलावतात आणि कामावर गेल्यावर विसरतात. म्हणून मी मुद्दाम एक चुकीचा जिना करून ठेवणार होतो, येणाऱ्या प्रत्येकाला त्यावर चढवायचं आणि मगच करवत हातात द्यायची. त्यापुढे जोडीजोडीने पाच पायऱ्यांचा जिना. आधी खाचा कापलेला, मग बंद बाजूंचा, म्हणजे स्ट्रिंगरमध्ये १२ मिमी खोल खाच घेऊन ट्रेड आत सरकवायचा आणि खालून सरस लावून पाचर ठोकायची. पाचर बसल्यावर फळीचा आवाज बदलतो, तो त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावा अशी फार इच्छा होती.

माहिती बाहेर पडल्यावर विचारणा येऊ लागल्या. एकाने विचारलं, डावखुऱ्याला तुमचा हातातला राउटर, म्हणजे खाच घ्यायचं यंत्र, जमेल का. एकाने घरच्या जिन्याचा फोटो पाठवला आणि पहिलीच पायरी उंच का लागते असं विचारलं. वळणाच्या पायऱ्या शिकवणार का, असंही कुणी विचारलं. या विचारणा मी इथे सांगतोय त्याला कारण आहे.

त्यातच एक मेल आला. लिहिणारा म्हणाला, घरांच्या दुरुस्तीची कंत्राटं घेतो, माझ्या आठ कारागिरांना तुमच्याकडे शिकायला पाठवायचं आहे, अख्खी तुकडी माझ्याच माणसांसाठी ठेवा. कानाचं ऑपरेशन झालंय, फोनवर बोलता येत नाही, सगळं मेलवरच करू. भाषा अदबीची होती. एकूण फी किती, कार्डाने पैसे घेता का आणि रक्कम कोणाच्या नावावर जमा होते, एवढंच त्याने विचारलं.

मी सविस्तर उत्तर दिलं. कारागिरांना आधी किती काम येतं, कोणती हत्यारं त्यांच्या हातातली आहेत, त्यांच्या चालू कामातल्या एखाद्या जिन्याची उंची पाठवाल का, म्हणजे तेच उदाहरण घेऊन शिकवता येईल. बूट आणि डोळ्यांवरचा चष्मा आणायची सूचनाही दिली. उलट मेल आला: सगळं ठीक आहे, आपण सांगाल तसं, एकूण रक्कम कळवा. माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

रक्कम कळवल्यावर पुढचा मेल आला आणि सगळी मेख त्यात होती. कारागिरांना घेऊन येणारा गाडीवाला कार्ड घेत नाही. मी हा असा अंथरुणावर. तुमच्या फीसोबत त्याचे पैसेही माझ्या कार्डावरून तुम्हाला भरतो, तुम्ही तेवढे त्याच्या खात्यावर पाठवा, तुमच्या तसदीचेही थोडे जास्त घाला. गाडीवाल्याची रक्कम माझ्या फीच्या निम्म्याहून जास्त होती. आठ माणसं, काही दिवसांची गाडी, राहायची सोय असा हिशेब त्याने दिला होता आणि तो पटण्यासारखा होता.

पैसे भरताना पहिलं कार्ड नाकारलं गेलं. त्याने लगेच दुसरं वापरलं आणि ते चाललं. माझ्या खात्यावर पूर्ण रक्कम दिसू लागली. त्या दिवसापासून मेलचा सूर बदलला. गाडीवाला थांबायला तयार नाही, आजच पैसे गेले नाहीत तर तो दुसरं भाडं घेईल आणि सगळं बुकिंग रद्द करावं लागेल. सकाळी एक मेल, दुपारी दुसरा. पैसे जमा झालेले समोर दिसत होते. मी गाडीवाल्याच्या खात्यावर रक्कम पाठवली.

लाकूड मी त्याआधीच घेतलं होतं. स्ट्रिंगरच्या जाड फळ्या आणून कार्यशाळेत आडव्या रचून ठेवल्या होत्या, कारण जिन्याचं लाकूड घरातल्या हवेला सरावलेलं लागतं. ओलावा साधारण ८ ते १२ टक्क्यांवर आला की मगच त्याला खाच घ्यावी, नाहीतर पुढे आटतं आणि पाचर सैल पडते. डावखुऱ्या मुलाला आणि बाकीच्यांनाही तुकडी भरली म्हणून कळवून टाकलं होतं.

कार्यशाळेचा दिवस जवळ आला तेव्हा गिऱ्हाइकाच्या कार्डावरून मला पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीची सूचना आली: कार्डधारकाने हा व्यवहार आपण केलेला नाही असं कळवलं आहे, सबब पूर्ण रक्कम परत घेण्यात येत आहे, वर तक्रारीचं शुल्क वेगळं. कार्ड दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. त्या माणसाला आपल्या हिशेबात अनोळखी खर्च दिसला आणि त्याने रास्त तक्रार केली. माझ्या खात्यातून सगळे पैसे गेले, फीचेही आणि गाडीवाल्याच्या वाट्याचेही. गाडीवाल्याला पाठवलेले मात्र गेले ते गेलेच, कारण ते मी स्वतः, माझ्या सहीने, माझ्या खात्यातून पाठवले होते. मेल पाठवत राहिलो, पण त्या पत्त्यावरून पुन्हा उत्तर आलं नाही.

ही युक्ती कशावर उभी आहे ते नीट समजून घ्या. कार्डाने आलेले पैसे खात्यावर दिसले तरी ते पक्के झालेले नसतात. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत कार्डधारकाला तक्रार करायला साधारण १२० दिवसांपर्यंत मुदत मिळते. चेकचंही तसंच, बँक रक्कम आधी जमा दाखवते आणि चेक खोटा निघाला की काढून घेते. याउलट आपण खात्यावरून खात्यावर पाठवलेले पैसे लगेच पोचतात आणि सहसा परत मिळत नाहीत. चोराला चोरीच्या कार्डावरून स्वतःच्या हातात रोख मिळवायची असते. त्यासाठी त्याला मधे एक प्रामाणिक माणूस लागतो, ज्याच्याकडे कार्ड घ्यायची सोय आहे आणि ज्याचा धंदा खरा आहे. परतावा आपल्यावर येतो, रोख त्याला मिळते. ‘गाडीवाला’ कधी दुभाषा असतो, कधी मुलांना सांभाळणारी बाई, कधी मुक्कामाची जागा देणारा. ज्याच्या खात्यावर पैसे गेले तोही पुष्कळदा घरबसल्या कमिशनच्या आमिषाने खातं वापरू देणारा असतो. त्यामुळे खात्याचं नाव मिळालं तरी मूळ माणूस हाती लागणं कठीण.

म्हणून माझं सांगणं: जास्त पैसे भरून त्यातले तिसऱ्याला द्या असं कुणी म्हणालं, तर त्याचं कारण कितीही पटो, तिथेच थांबा. चुकून जास्त आले असं म्हणाला, तर आलेला पूर्ण व्यवहार ज्या मार्गाने आला त्याच मार्गाने, त्याच कार्डावर परत फिरवा आणि बरोबर रक्कम नव्याने भरायला सांगा. खरा माणूस हे आनंदाने करतो. बहुतेक कंपन्यांच्या करारात कार्डावर पैसे घेऊन रोख तिसऱ्याला देणं मुळातच मना असतं, तेव्हा ‘माझ्या करारात बसत नाही’ एवढं उत्तर पुरेसं आहे, त्यासाठी कुणावर आरोप करायची गरज नाही.

पैसे पाठवून झाले असतील आणि शंका आली, तर त्याच घटकेला आपल्या बँकेला कळवा. समोरच्या खात्यात रक्कम शिल्लक असेपर्यंतच ती गोठवण्याची विनंती कामाची. मला बँकेतल्या बाईंनी हेच सांगितलं. माझ्या वेळी ते खातं केव्हाच रिकामं झालं होतं. मेल पुसू नका, सगळ्या मेलसकट पोलिसांत लेखी तक्रार द्या. आणि पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीलाही तुम्ही स्वतः आधी कळवा, तिची सूचना यायची वाट पाहू नका.

त्या विचारणा मी वर सांगितल्या त्याचं कारण आता येतं. पैशाची वाट, कार्ड, घाई, फोन न घेणं या खुणा चोर उद्या बदलेल. कानाच्या ऑपरेशनऐवजी तो जहाजावर असेल, नाहीतर आई आजारी असेल. पण शिकायला येणाऱ्या माणसासारखे प्रश्न तो विचारू शकत नाही, कारण त्यासाठी काम करायची इच्छा असावी लागते. आठ कारागीर पाठवणारा कंत्राटदार कोणता जिना शिकवता हे विचारत नाही? वळणाच्या पायऱ्या हव्यात की सरळ, कठड्याचं काम यात आहे का, माझी माणसं लोखंडी काम करतात त्यांना हे चालेल का, काहीच नाही? कठडा तर असा विषय आहे की लोक त्यावर तास तास बोलतात. उभ्या काठ्यांमधून १०० मिमीचा गोळा आरपार जाऊ नये असा दंडक पुष्कळ ठिकाणी आहे, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून, आणि खऱ्या कंत्राटदाराला तो तोंडपाठ असतो. या माणसाला आमच्या कामातलं काहीही नको होतं.

ज्या मुलांना मी नाही म्हणालो होतो त्यांना मी पुन्हा लिहिलं. काही जणांनी दुसरीकडे नाव घातलं होतं, काही आले. लाकूड वाया गेलं नाही. आता नाव नोंदवतानाच प्रत्येकाने माहितीतल्या कुठल्याही एका जिन्याची खालपासून वरपर्यंत उंची मोजून, रायझर मोजून, एकेक रायझर किती येतो ते लिहून पाठवायचं असतं. मापं चुकली तरी चालतं, उलट चुकलेली मापं मला शिकवायला उपयोगी पडतात. मधे आणखी एकाने गटाच्या बुकिंगसाठी लिहिलं, पहिल्याच मेलमध्ये कार्डाची चौकशी होती. मी त्याला हीच मापं मागितली. मापं आली नाहीत, आणि मी जागा धरून ठेवली नाही.